वाश्तीच्या खुर्चीतून : एका कथेचे पुनर्वाचन

इ. एम. फॉर्स्टर हे नाव मराठी वाचकाला मुख्यतः ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) ह्या कादंबरीमुळे परिचित आहे. १९२१ मध्ये ते देवास थोरली पाती ह्या मराठी संस्थानाच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते आणि त्या वास्तव्यावर त्यांनी ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) हे पुस्तक लिहिले, हेही काहींना ठाऊक असते. परंतु ह्याच लेखकाने १९०९ मध्ये ‘द मशीन स्टॉप्स’ ही एक दीर्घकथा लिहिली होती. युटोपियाच्या नेमक्या विरुद्ध टोकाची, म्हणजे डिस्टोपियन, अशी ही कथा आपल्याकडील चर्चेत क्वचितच येते. विज्ञानसाहित्य ह्या घटकासाठी पूरक वाचन म्हणून ही कथा मी एम. ए.च्या वर्गात अनेक वर्षे शिकवीत आले आहे. ती मला समजली आहे, अशी माझी समजूत होती. ती समजूत कशी मोडली आणि मोडल्यानंतर हाती काय लागले, ह्याची नोंद करणे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. टीकालेखात स्वतःच्या घरातली गोष्ट सांगणे ह्या नियतकालिकाच्या वाचकांना कदाचित रुचणार नाही. परंतु ती गोष्ट वगळली तर माझे वाचन का बदलले, हे प्रामाणिकपणे सांगताच येणार नाही.

कथेची रूपरेषा प्रथम देते. मानवजात भूपृष्ठ सोडून जमिनीखाली राहायला गेली आहे. मधमाश्यांच्या पोळ्यातील घरासारख्या षट्कोनी खोल्या, प्रत्येक खोलीत एकेक माणूस, आणि बटणे. बटण दाबले की अन्न, स्नान, शय्या, संगीत, औषध, सर्व काही जागच्या जागी मिळते. हे सर्व पुरवणाऱ्या व्यवस्थेचे नाव यंत्र. वाश्ती ही प्रौढ स्त्री अशाच एका खोलीत राहते. हजारो माणसांशी तिची ओळख आहे, मात्र प्रत्यक्ष भेट जवळजवळ कोणाचीच नाही. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात राहतो. हातात धरायच्या एका गोल तबकडीवर त्याची निळसर प्रतिमा उमटते आणि तो आईला म्हणतो की, तू प्रत्यक्ष ये, मला यंत्रातून बोलायचे नाही. ती नाखुशीनेच हवाईजहाजाने जाते. आपण यंत्राच्या परवानगीवाचून वर भूपृष्ठावर जाऊन आलो, असे तो तिला सांगतो. तिला ते पाखंड वाटते. पुढे काही वर्षांनी यंत्र हळूहळू बिघडते आणि अखेर थांबते. त्या विनाशात आई आणि मुलगा एकमेकांना भेटतात, स्पर्श करतात आणि मरतात. 

ही कथा मी शिकवीत असे ती भविष्यवेधाचा एक चमत्कार म्हणून. १९०९ साली दूरचित्रवाणी नव्हती, संगणक नव्हता. तरीही फॉर्स्टर यांनी चित्रासह संभाषण, घरबसल्या व्याख्यान आणि असंख्यांशी एकाच वेळी संपर्क कसा कल्पिला, हे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. एच. जी. वेल्स यांच्या सुरुवातीच्या एका स्वर्गकल्पनेवरील ही प्रतिक्रिया असल्याचे फॉर्स्टर यांनीच पुढे नमूद केले आहे, हा संदर्भही मी जोडत असे. फळ्याच्या डाव्या बाजूला कथेतील उपकरणे आणि उजव्या बाजूला आजची उपकरणे अशी यादी तयार होई. विद्यार्थ्यांना ती आवडे. परीक्षेत ती सोयीची पडे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी सुरू झाली आणि त्यानंतर वर्षभर मी हीच कथा घराच्या एका खोलीतून, पडद्यावरील नावांच्या आद्याक्षरांकडे पाहत शिकवली. वाश्ती ही स्वतः व्याख्याती आहे, आपल्या खुर्चीतून न हलता ती ऑस्ट्रेलियन काळातील संगीतावर दहा मिनिटांचे व्याख्यान देते, हा तपशील त्या वर्षी मी विशेष रंगवून सांगितला. परंतु तो केवळ योगायोगाची गंमत म्हणून. आपण तिच्या जागी बसलो आहोत, असे मला तेव्हाही वाटले नाही. माझी सहानुभूती आणि माझी बाजू कुनोची होती.

ह्यात माझ्या मराठी वाङ्मयीन संस्कारांचाही वाटा होता. यंत्रयुग आणि एकाकीपण म्हटले की माझ्यासमोर मर्ढेकरांची कविता उभी राहते. तिच्यातील मुंग्या, उंदीर, गिरण्यांचे शहर. नवकथेने आणि नवकवितेने आम्हांला जी परात्मता शिकवली ती गर्दीतली परात्मता होती. माणूस माणसाला खेटून उभा आहे आणि तरीही एकटा आहे, हा तिचा गाभा. फॉर्स्टरच्या कथेत गर्दीच नाही. तेथे कोणी कोणाला खेटत नाही. हवाईजहाजातील परिचारिका वाश्तीला सावरण्यासाठी हात पुढे करते, तेव्हा वाश्ती संतापते. कारण स्पर्श करण्याची रीतच तेथे उरलेली नाही. ह्या एकाकीपणात कोणालाच एकटे वाटत नाही. दुःख नसलेले हे एकाकीपण आमच्या परात्मतेच्या साच्यात बसत नव्हते. म्हणून मी ते साच्यात बसवले, कुनोला बंडखोर नायक आणि यंत्राला खलनायक ठरवले. 

आता ती घरातली गोष्ट. माझी आई कोकणात गावी एकटी राहते. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी तिला फोन करते. हा क्रम वडील गेल्यापासूनचा आहे. टाळेबंदीच्या आधी मी दोन-तीन महिन्यांनी गावी जात असे. त्यानंतर मात्र जवळजवळ वीस महिने जाणे झाले नाही. फोनमध्ये खंड पडला नाही, ह्याचे मला समाधान होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिवाळी झाल्यावर, मी न कळवता गेले. आई पडवीत बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी अंगणातून हाक मारली. तिने वळून पाहिले नाही. पायरीवरून पुन्हा हाक मारली. शेवटी खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकली आणि सुपातले तांदूळ सांडले.

तिला जवळजवळ वर्षभर नीट ऐकू येत नव्हते. शेजारच्या काकूंना हे माहीत होते. “तुम्हाला ठाऊकच असेल असं वाटलं,” त्या म्हणाल्या, “दर रविवारी बोलता ना तुम्ही दोघी.” त्या रात्री मी आईच्या अगदी कानाशी बसून विचारले, “आई, मग फोनवर तू मला उत्तरं कशी देत होतीस?” ती सहजपणे म्हणाली, “आवाज येतो गं, शब्द येत नाहीत. पण तू आधी गोळ्यांचं विचारतेस, मग पाण्याचं, मग कोणी येऊन गेलं का ते. शेवटी जेवणाचं. मी आपली क्रमाने उत्तरं देते.”

त्या उत्तरात तक्रार नव्हती. किंबहुना आपण लेकीला चिंता वाटू दिली नाही, ह्याचे थोडे कौतुकच होते. मी मात्र गप्प बसले. पन्नासएक रविवार आमचे संभाषण झाले होते असे मी समजत होते. प्रत्यक्षात मी एक ठरलेली प्रश्नावली वाचत होते आणि ती एका ठरलेल्या क्रमाने विराम भरत होती. यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. बिघडले होते ते एवढेच की माझे प्रश्न न ऐकताही उत्तरे देता यावीत, इतके ते ठरून गेले होते.

गावाहून परतल्यावर मी कथा पुन्हा उघडली. आरंभीच्याच संभाषणात असा एक क्षण आहे की जो मी वर्गात दरवेळी वाचला होता आणि दरवेळी ओलांडून गेले होते. तबकडीवरील मुलाचा चेहरा वाश्तीला क्षणभर खिन्न वाटतो. पण तिची खात्री होत नाही. कारण यंत्र मुद्रेवरच्या सूक्ष्म छटा पोचवीत नाही. ते माणसाची एक सर्वसाधारण कल्पना तेवढी देते, आणि व्यवहाराला तेवढी पुरते. द्राक्षावर जी अस्पर्श धूसर झिलई असते, तिच्याशी फॉर्स्टर ह्या हरवलेल्या गोष्टीची तुलना करतात. कृत्रिम द्राक्ष बनवणारे जसे त्या झिलईकडे दुर्लक्ष करतात, तसे यंत्राने माणसांतल्या त्या अंशाकडे केले आहे. मी ह्या भागाचा अर्थ उपकरणाची मर्यादा असा लावत असे. आता ध्यानात आले की, कथेतला खरा भार ‘पुरते’ ह्या भावावर आहे. उपकरण जे देत नाही ते कोणी काढून घेतलेले नाही; ते नसले तरी चालते, असे कोणीतरी कधीतरी ठरवले आणि मग ते सर्वांच्या अंगवळणी पडले. 

आणि हे आपल्याला कोण दाखवते? निवेदनमीमांसेत ‘कोण बोलते’ आणि ‘कोण पाहते’ हा जो भेद जेरार जेनेत यांनी स्पष्ट केला, तो येथे विलक्षण उपयुक्त ठरतो. कथा तीन भागांत आहे. पहिल्या भागात आपण वाश्तीच्या खोलीत आणि तिच्या प्रवासात तिच्या सोबत असतो. हिमालय, काकेशस, ग्रीस हे सारे आपल्याला तिच्या खिडकीतून दिसते, आणि ह्यात कल्पना काहीच नाहीत असे म्हणून ती पडदा ओढते तेव्हा आपल्याही डोळ्यांसमोरून ते दृश्य नाहीसे होते. दुसऱ्या भागात कुनोचे साहस येते. ह्या कथेतील सर्वांत नाट्यपूर्ण घटना ती हीच. परंतु ती घडताना आपण पाहत नाही. ती कुनो आईला सांगतो आणि आपण आईच्या कानांनी ऐकतो; अविश्वासाने, अवघडून, ह्या मुलाचे आता काय होणार ह्या भीतीने. तिसऱ्या भागात वर्षे लोटतात ती पुन्हा वाश्तीच्या खोलीतच.

ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) मध्ये आपण विन्स्टनबरोबर असतो, ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) मध्ये माँटॅगबरोबर. व्यवस्थेविषयी ज्याला शंका आली आहे अशा माणसाच्या डोळ्यांतून व्यवस्था पाहण्याची वाचकाला तेथे सोय आहे, आणि ह्या सोयीमुळे आपण आपोआप योग्य बाजूला उभे राहतो. फॉर्स्टर ही सोय नाकारतात. बंडखोर येथे निळसर प्रतिमा म्हणून येतो, नंतर एका त्रासदायक निवेदनाच्या रूपाने येतो. आपल्याला बसायला जागा दिली आहे ती वाश्तीच्या खुर्चीत. कथेचा अभिप्रेत वाचक कुनो नाही. त्याचे म्हणणे ज्याला ऐकायचे आहे पण ऐकू येत नाही, तो ह्या कथेचा वाचक आहे. इतकी वर्षे मी ती जागा सोडून परस्पर कुनोशेजारी जाऊन उभी राहत होते आणि त्यालाच आकलन म्हणत होते.

ह्यावर एक रास्त आक्षेप संभवतो. निवेदक वाश्तीच्या बाजूचा नाहीच; तो तिची थट्टा करतो. तिचे ठेंगणे, गुंडाळलेले शरीर, बुरशीसारखा पांढरा चेहरा ही वर्णने सहानुभूतीची नाहीत. मग वाचकाने तिच्याशी एकरूप व्हावे असे कसे म्हणता येईल? मला वाटते, एकरूप होणे आणि एखाद्याच्या जागी बसवले जाणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपरोधामुळे आपण सुरुवातीला तिच्यापासून दूर राहतो आणि त्या दूरत्वातच निर्धास्त होतो. परंतु फॉर्स्टर तिला पूर्णतः कोरडीही ठेवत नाहीत. यंत्राच्या ग्रंथानुसार आईबापांची कर्तव्ये मूल जन्मताच संपतात. तरीही कुनोमध्ये काही विशेष होते, असे तिला वाटून जाते आणि लगेच, आपल्या सर्वच मुलांत काही विशेष होते, अशी ती दुरुस्ती करते. ती दोन दिवसांचा भयानक प्रवास करून त्याच्यापर्यंत जाते, हेही विसरता येत नाही. ती क्रूर नाही. तिला मुलगा हवा आहे, पण तिच्यापाशी उरलेल्या रीतीने हवा आहे. तिचे नावही ह्या संदर्भात पाहावे. बायबलमधील एस्तेरच्या पुस्तकात वाश्ती ही राजाने बोलावूनही न गेलेली राणी आहे. फॉर्स्टरची वाश्ती बोलावल्यावर जाते, आणि तरीही पोचत नाही.

कथेच्या उत्तरार्धात यंत्राचा बिघाड ज्या पद्धतीने येतो ती ह्या दृष्टीने अधिक भेदक आहे. प्रथम संगीतात मध्येच उसासे-धापांसारखे आवाज येऊ लागतात. वाश्ती तक्रार करते. समितीकडून गुळमुळीत उत्तर येते. दिवस जातात आणि त्या आवाजांचे काही वाटेनासे होते. ते सुरावटीचाच भाग म्हणून ऐकले जातात. कृत्रिम फळांना बुरशी येते, स्नानाच्या पाण्याला दुर्गंधी येते, कविता पुरवणाऱ्या यंत्राची यमके चुकू लागतात. प्रत्येक वेळी आधी संताप, मग सवय, मग विस्मरण. ह्या कथेत हुकूमशहा नाही, पाळतीचे भय जवळजवळ नाही, कोणाचा कट नाही. समिती आहे, पण तिलाही सगळे यंत्र कळत नाही. कारण यंत्राचे संपूर्ण ज्ञान कोणा एका माणसापाशी उरलेलेच नाही. आहे ती फक्त उणिवेला सुरावट मानण्याची माणसाची अमर्याद क्षमता. माझ्या आईच्या ‘हो, हो, बरं आहे’मधील विराम थोडे लांबले होते, उत्तरे अधिक एकसुरी झाली होती, आता आठवले की ते जाणवते. तेव्हा मी त्याला वय म्हटले, गावाकडचे नेटवर्क म्हटले, आणि ऐकत राहिले.

येथे एक गोष्ट आपल्या व्यवसायाविषयीही म्हटली पाहिजे. कथेत एक व्याख्याता श्रोत्यांना बजावतो की, प्रत्यक्ष अनुभवातून आलेल्या कल्पनांपासून सावध राहा. कल्पना दुसऱ्याने दुसऱ्याविषयी म्हटलेल्यातून, शक्य तर दहाव्या हातातून, घ्याव्यात. आम्ही वर्गात ह्यावर हसत असू. परंतु ‘भविष्यवेधी कथा’ हे विशेषण मी तरी कोठून घेतले होते? प्रस्तावनांतून, प्रस्तावनांवर आधारलेल्या लेखांतून आणि अखेर माझ्याच जुन्या टिपणांतून. विद्यार्थ्यांनी ते माझ्या टिपणांतून घेतले. भविष्यवेधाचे हे वाचन चुकीचे आहे असे नाही. ते व्यवहाराला पुरते. कथेची एक सर्वसाधारण कल्पना त्यातून मिळते. द्राक्षावरची झिलई मात्र राहून जाते.

मग ही कथा यंत्राच्या विरोधात आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर मला कथेइतकेच आईच्या कानातल्या यंत्राने दिले. आम्ही तिच्यासाठी श्रवणयंत्र घेतले. पहिल्या दिवशी तिला भांड्यांचा आणि कावळ्यांचा आवाज असह्य झाला. अजूनही दुपारी ती ते काढून डबीत ठेवते, आणि फोन कानाला लावला की ते शीळ घालते म्हणून कुरकुरते. पण त्या यंत्राने तिला शब्द परत मिळाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. कुनोदेखील यंत्र नष्ट करा असे म्हणत नाही. माणसाने ते आपल्यासाठी बनवले होते आणि आता ते आपल्या मार्गाने चालले आहे, हे त्याचे दुःख आहे. तो अंतर मोजायला शिकतो ते पायांनी चालून. ‘जवळ’ म्हणजे जेथे पायांनी लवकर पोचता येते ते, हा त्याचा शोध आहे. फॉर्स्टर यांनी पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, ‘हॉवर्ड्स एंड’ प्रसिद्ध केली, जिच्या बोधवाक्यात माणसांना केवळ जोडण्याचे आवाहन आहे. ते आवाहन आणि ही कथा एकत्र वाचली म्हणजे त्यातील विरोध लक्षात येतो. वाश्ती हजारोंशी जोडलेलीच आहे. जोडलेले असणे आणि जोडणे ह्यांतले अंतर तिला कळते ते यंत्राचा गुंजारव थांबल्यावर. जन्मापासून कानांत असलेला तो आवाज बंद होतो आणि आपण तो ऐकत होतो, हे तेव्हाच तिच्या ध्यानात येते.

शेवट मी पूर्वी ‘पुनर्मीलन’ ह्या एका शब्दात गुंडाळत असे. आता तसे करवत नाही. कथा वाचकाला एका खोलीची कल्पना करायला सांगून सुरू होते आणि शेवटी निवेदक, वाश्ती आत्म्याने सुटली असे निदान आपल्याला तरी वाटते, अशा सुरात आपले चिंतन मिटवतो. तिचा देह सुटला असे त्याला दिसत नाही, हेही तो सांगतो. खात्री देण्याचे तो टाळतो. त्या संकोचात मला ह्या कथेची सर्वांत मोठी सचोटी दिसते. कारण कथा हेही अखेर एक माध्यमच आहे. तीही माणसाची कल्पनाच देते, माणूस देत नाही. फक्त ती देताना आपण एवढेच देत आहोत, हे ती लपवत नाही. तबकडी ते लपवते. 

ह्या वर्षीही मी ही कथा शिकवली. फळ्यावर याद्या केल्या नाहीत. कुनोने काय पाहिले असे न विचारता, वाश्तीला काय ऐकू आले नाही, असे विचारले. वर्ग बराच वेळ शांत होता. मग एका विद्यार्थिनीने, ही कथा परीक्षेत कशी विचारतील, असे विचारले. तोही प्रश्न खराच होता आणि त्याचे नीट उत्तर मला देता आले नाही. रविवारचा फोन अजून नऊलाच होतो. प्रश्न मात्र मी मुद्दाम उलटसुलट विचारते. गेल्या खेपेस जेवणापासून सुरुवात केली तेव्हा पलीकडे क्षणभर काहीच आले नाही, आणि मग आई म्हणाली, “थांब, यंत्र लावते कानात. आज तू काहीतरी वेगळंच विचारतेयस.”